मटारच्या गोदामात विमान

आमच्या जिजाजींच्या विमानाला भाड्यानं जागा पाहून राहिलो होतो, ते तुम्हाला सांगितलं नाही का? दोन माणसांचं छोटंसं विमान, पण उघड्यावर उभं राहून रंग उडून चालला होता त्याचा. हँगर कुठंच मिळेना. शेवटी पनागरकडे, जिजाजी जिथून विमान उडवतात त्या धावपट्टीला लागूनच, मटारचं एक गोदाम रिकामं सापडलं.

मापाला माझे काका आले. तोफांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस, टेप दुसऱ्याच्या हातात देत नाही. त्यांनी विमान मोजलं, गोदाम मोजलं आणि म्हणाले, "आरामात बसते. करून टाका ॲग्रीमेंट."

गोदामाच्या मालकाची एकच अट होती. "देखिए, अंदर नॉनव्हेज नहीं चलेगा." जिजाजींनी विमानाच्या वतीनं कबूल केलं आणि सही ठोकली.

रविवारी आम्ही चौघांनी विमान शेपटीकडून आत ढकललं. शेपटी गेली, अर्धं धड गेलं, आणि दोन्ही पंख दाराला अडकले.

मालक शांतपणे म्हणाले, "भैया, पंख नहीं नापे थे क्या?"

जिजाजी काकांकडे वळले. "काका, रुंदी काहून नाही मोजली?"

"जावईबापू, जन्मभर तोफेच्या नळ्या मोजल्या. नळीला पंख असतात काय?" काकांनी टेप गुंडाळून खिशात टाकला. "पण लांबीत सूतभर चूक काढून दाखवा."