वाटेवरचा व्याही

जबाब देणार: श्रीमती बुरुलचा सादिरोवा, वय ६४, धंदा: निवृत्त संगीतशिक्षिका, राहणार तोकमोक.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मी वरील ठिकाणी एकटी राहते. रायकान व सायरा या माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणी. दर उन्हाळ्यात आम्ही रायकानच्या गाडीने इस्सिक-कूल तलावावर जातो. पूर्वी आम्ही पाच जणी होतो. आता तिघी आहोत.

आज सकाळी घाटाखाली रस्त्याच्या कडेला एक ट्रक बॉनेट उघडा टाकून उभा होता. शेजारी पांढरा सदरा व दाबलेल्या लोकरीची उंच पांढरी टोपी घातलेले एक वयस्क गृहस्थ हात करत होते. मधमाश्यांना काळा रंग खपत नाही म्हणून ते पांढरे घालतात, हे नंतर समजले. रायकानने गाडी थांबवली. त्यांनी आपले नाव एसेनतुर व धंदा मधमाश्या पाळण्याचा असे सांगितले. ट्रकवर माश्यांच्या पेट्या होत्या आणि इंजिनाचा पट्टा तुटला होता. ते म्हणाले, "ताई, रात्रीच निघालो होतो. ऊन चढायच्या आत वर गारव्याला पोचलो नाही, तर आतल्या आत उकडून मरतील हो." पेट्यांवर त्यांनी ओली पोती टाकली होती. फोनला रेंज नव्हती. नवा पट्टा घेण्यासाठी आम्ही त्यांना आक-बुलुंग गावाकडे नेले. शेजारी जागा करून देताना सायराने, "आधी अंग झाडा, एखादी सोबत आली असेल," एवढेच म्हटले.

गावातल्या पहिल्याच घराचे फाटक सताड उघडे होते. गॅरेज कुठे, ते विचारायला उतरलो. तोच बायका धावत आल्या, त्यांनी आमच्या डोक्यावरून मिठाई उधळली व हाताला धरून आत नेले. या खोऱ्यातली माणसे फार अगत्याची आहेत, असे मला वाटले. पाहुण्याच्या पोटात काही गेल्याखेरीज त्याला कोण-कुठले असे विचारायचे नाही आणि पाहुण्यानेही आपले काम काढायचे नाही, ही आमची रीत. त्यामुळे त्यांनी विचारले नाही व आम्ही सांगितले नाही. "एकानंही तोंड उघडलं नाही?" असे साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, तोंडे उघडी होती, पण खाण्यासाठी.

त्या घरी मुलाकडची मंडळी यायची होती. तीन बायका व एक वडीलधारा पुरुष अशी. त्या घरातल्या कोणीही त्यांना आधी पाहिलेले नव्हते. ही माहिती मला नंतर मिळाली.

एसेनतुर यांना दारासमोरच्या मानाच्या जागी बसवले व मेंढ्याचे डोके त्यांच्यापुढे ठेवले. "ताई, माझ्या माश्या," असे ते मला कुजबुजले. ते उठू लागले की कोणीतरी खांदा दाबून पुन्हा बसवी. पुन्हा उठले, तर अंगावर मखमली अंगरखा चढवला. तक्रारीत म्हटलेला अंगरखा तो हाच. त्यांनी तो मागितला नव्हता. ते आधीच घामाघूम झाले होते.

नंतर बेगिमाय नावाची मुलगी येऊन आम्हा तिघींसमोर वाकली. सायराने तिची हनुवटी वर केली, आपल्या कानांतली चांदीची कुंडले काढली व तिच्या कानांत घातली. सायराला मूलबाळ नाही. मुलाकडच्या बाईने कुंडले घातली की सोयरीक ठरते, हे आम्हाला माहीत आहे. पण आपण मुलाकडचे आहोत, हे माहीत नव्हते. सगळ्या बायका रडल्या. मीही रडले. आशीर्वाद झाला की पंगत उठते, म्हणून एसेनतुर यांनी तो जरा घाईने दिला.

तेवढ्यात दुसरी गाडी आली. तीतून तीन बायका व मुलाचे काका तुरात उतरले. गाडी चालवणारा तरुण म्हणजेच नवरामुलगा अक्तान.

तुरात ओरडले, "व्याही मी आहे! मग हा कोण?"

मुलीच्या आजीने एसेनतुर यांना विचारले, "काय हो, तुमचा मुलगा काय करतो?"

"आजी, मला मुलगा नाही. मला माश्या आहेत."

तुरात म्हणाले, "याला मी ओळखला. सकाळी घाटाखाली हात करत उभा होता. मी तेव्हाच म्हटलं, अक्तान, दाब पाय, भामटा दिसतोय."



आजी म्हणाल्या, "हात करत होता? आणि तुम्ही पुढे आलात?"

"उशीर होत होता, आजी."

"उद्या माझी नात हात करील, तेव्हा कोण थांबेल तुमच्या घरात?"

तुरात यांनी कुंडले आत्ताच्या आत्ता उतरवा असे फर्मावले. मुलीने दोन्ही हात कानांवर धरले. तेव्हा ते तोतयेगिरीची तक्रार देण्यास निघाले. अक्तानचे कान लाल झाले होते. तो एसेनतुर यांच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, पट्टा कुठल्या मापाचा लागेल?" ट्रकची किल्ली घेऊन तो गेला. चुलत्याने मारलेल्या हाका त्याने ऐकल्या नसाव्यात.

तक्रारीवरून आम्हा सर्वांना ठाण्यात आणले; मुलगी व आजीही आल्या. हा जबाब चालू असताना अक्तानने ट्रक ठाण्याच्या आवारात आणला. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला आहे. तो एसेनतुर यांना म्हणाला, "काका, सगळ्या जिवंत आहेत. एका पेटीची जाळी तेवढी खड्ड्यात निसटली." बेगिमायने त्याच्या तोंडाला गार दही लावले. आजी दुसरीकडे बघत होत्या. कुंडले परत हवी आहेत का, असे सायराला विचारले असता तिने मान हलवली, नको म्हणून.

सुटलेल्या माश्या खिडकीतून आत शिरल्या. "या माश्या आवरणार कोण?" असे साहेबांनी टेबलामागून विचारल्यावरून सांगते की, आवरणारा एकच माणूस आहे आणि तो आपल्या कोठडीत आहे.

कोठडी उघडली. एसेनतुर यांनी मखमली अंगरखा काढून त्याची घडी घातली व ते उघड्या हातांनी आवारात गेले. तुरात आपल्या गाडीत काचा लावून बसले होते. त्यांनी काच बोटभर खाली करून तक्रार मागे घेत असल्याचे सांगितले.

हा जबाब खिडक्या लावून मला मोठ्याने वाचून दाखवला. बाहेरच्या गुणगुणाटामुळे काही ओळी पुन्हा वाचाव्या लागल्या. मी सांगितले तसेच लिहिले आहे, म्हणून सही करते.