नावाची मूठ

मी : "थोरला आल्याबिगर कानबाई उठवायची नाही." झालं? सकाळपासून हेच एक वाक्य, माय. मग खाली नदीवर जाऊन पांझरेला पण सांग ना. म्हण, बाई, थांब जराशी, आमचा किरण सुरतेहून येऊन राहिला.

माय : वाकडं बोलू नको. देव बसेल शे घरात.

मी : देव बसलाय आणि पाणी चढून राहिलं. दुसऱ्या पायरीवर आलं. चहा घेतला तेव्हा पहिलीवर होतं.

माय : पांझरा दरसाल येते. गल्लीच्या तोंडाशी येते, वास सोडते, जाते.

मी : दरसाल महापालिकेची गाडी येते का भोंगा घेऊन? तो काय बोलला ऐकलं ना. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले, काठावरच्यांनी शाळेत चला, माणशी एक बॅग. बॅगेचं तर परत परत बोलला, कारण समोरची बेबाबाई त्याला विचारत होती, शिलाई मशीन बॅगेत धरतात का म्हणून.

माय : गेली का बेबाबाई?

मी : गेली. मशीन डोक्यावर घेऊन गेली. आता आपण, आणि कोपऱ्यावरची भिकुबाई. तिला तर भोंगा पण ऐकू येत नाही.

माय : तू जाय. मी किरण आला की त्याच्यासोबत येते. आज कानबाई नदीवर न्यायची, पाट थोरल्यानं उचलायचा. तुझे बापू होते तवा बापू उचलायचे. मग किरणनं उचलला.

मी : बरं. बॅग तर भरू. मोबाइलवर आलंय काय काय घ्यायचं ते. आधार कार्ड, रेशन कार्ड, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. तुझ्या बीपीच्या गोळ्या. बॅटरी. पाणी. कोरडं खाणं. एक जोडी कपडे. शिट्टी.

माय : शिट्टी कशाले?

मी : अडकलं तर वाजवायला.

माय : मी अडकले तर हाक मारीन. तू ऐकशील का, तो भाग वेगळा.

मी : बॅग कुठंय? ती किरणची काळी?

माय : ती तो घेऊन गेला. ही घे.

मी : ही? ही तर माझ्या शाळेची आहे. ही मी उकिरड्यावर फेकली होती.

माय : तू फेकली. मी उचलली. धुतली, नवी चेन लावून आणली.

मी : कशाला पण?

माय : बॅग चांगली होती.

मी : म्हणजे हे दप्तर पाठीवर टाकून मी त्याच शाळेत जायचं. गणिताचे सर तिथं असतीलच बघ. अख्ख्या वर्गासमोर म्हणले होते, तेजस, तुझ्यासाठी गेट उघडं आहे, बाहेर जायला. गेलो मी. तेव्हाच ठरवलं, त्या गेटात परत पाय टाकायचा नाही. तुला गेटपर्यंत सोडतो, मी बाहेर थांबतो.

माय : मग मी पण येत नाही.

मी : तू तशीही येऊन नाही राहिली. सरक. तू आधी काय काय कोंबलंय ते बघू दे. बापूंचा फोटो, ठीक. हे घड्याळ? हे तर बंद आहे.

माय : बंद शे म्हणून काय झालं? बापूंनी आणलेलं शे.

मी : कानबाईची नथ, ओढणी, बांगड्या, हळदकुंकू. गोळ्या कुठंयत? गोळ्याच नाहीत ना यात. कानबाईच्या नारळासाठी पण जागा केलीस का?

माय : देवाला दप्तरात घालते का मी? नारळ मांडीवर घेईन. तो डबा ठेव खाली.

मी : काय आहे डब्यात?

माय : हात लावू नको म्हटलं. कानबाईचा रोट शे. किरणच्या नावाचा.

मी : माझा मी काल खाल्ला. त्याचा तू ठेवून दिला. आणि आता तो डबा शाळेत न्यायचा. तिथं शंभर माणसं बसली असतील, पोरं रडत असतील, आणि आपण डबा घेऊन बसायचं, कुणाला घास द्यायचा नाही. कारण रोट घरच्याच माणसानं खायचा. मारतील लोक आपल्याला.

माय : पदराआड खाऊ.

मी : कोण खाईल? खाणारा तर सुरतेत आहे. आणि केवढासा असेल तो. गहू दळायला मीच नेले होते ना. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे, ते तू यंदा दार लावून काढले आणि पुरचुंडी बांधून माझ्या हातात दिली. अभिमन चक्कीवाला हातात तोलून हसला. म्हणे, काय भो, यंदा तुमच्या घरातला एक जण उपाशी राहतो का? मी सांगितलं त्याला, तू चक्कीत बघ, लोकांच्या घरात डोकावू नको.

माय : अभिमनला काय कळतं.

मी : तेच म्हणलो मी.

माय : किरणला लाव परत फोन.

मी : बंद आहे. काल संध्याकाळपासून बंद आहे. माय, तो यायला निघाला असता तर एव्हाना दोन मिस कॉल तरी दिले असते त्यानं.

माय : गाडीत रेंज नसते. आणि आला, दाराला कुलूप बघितलं, तर? उभा राहील का तो पाण्यात? माघारी जाईल.

मी : दारावर खडूनं लिहून ठेवू. "शाळेत आहोत."

माय : पाणी पुसून टाकील. आणि खडू कुठून आणशील? दप्तरासोबत सगळं फेकलं तू.

नाना : कुंदावयनी... ओ वयनी. तेजस. काय करून राहिले तुम्ही दोघं वरती?

मी : आलो, रतिलालनाना. ट्रॅक्टर कुठंय?

नाना : गल्लीच्या तोंडाशी. आत आणला तर बंद पडेल, मग मलाच तुमच्या खांद्यावर यावं लागेल. गुडघ्याएवढं आहे अजून. मारुतीचा पार बुडाला. चला लवकर, ट्रॉलीत जागा आहे.

माय : भाऊ, सुरतची गाडी आली का हो स्टँडवर?

नाना : कुठली गाडी न काय. तिकडच्या बठ्ठ्या, एकूणएक गाड्या हायवेलाच उभ्या आहेत. गावात काहीच येऊन नाही राहिलं. का, किरण येणार होता?

माय : येणार शे. भाऊ, तुम्ही याला घेऊन जा. मी थांबते. कानबाईजवळ दिवा शे, तेल शे. मला काही होत नाही.

नाना : वयनी, असं कसं...

मी : थांबा नाना. थांबू दे तिला. थोरल्याची वाट बघू दे. धाकटा गेला तरी चालतो, त्याचं काय, तो शाळा सोडलेला. मी चाललो. पण हा डबा मी घेऊन चाललो, माय. गेटजवळच्या कुत्र्याला घालतो हा रोट.

माय : तेजस, डबा सोड.

मी : नाही सोडत.

माय : सोड रे, बापा. हात जोडते.

मी : हा हलका का लागून राहिला?

माय : उघडू नको.

मी : माय, यात तर काहीच नाही.

नाना : काय झालं रे?

मी : रिकामा आहे. रिकामा डबा भरून राहिली ती बॅगेत. अभिमन बरोबर बोलला मग. तू एकच मूठ काढली.

माय : सव्वा. तुझ्या नावाची.

मी : आणि किरणची?

माय : नागपंचमीच्या आधी फोन आला होता त्याचा. तू कामावर होता. लग्न केलं म्हणे तिथं. सासरचे आपल्याकडचेच, नंदुरबारकडचे, त्यांनी खोली दिली. म्हणे यंदा तिथंच मांडतो कानबाई. वेगळी. म्हणे, "माय, मनी मूठ आते नको काढजो."

मी : त्याची मूठ काढू नको, असं बोलला?

माय : चांगल्यानं बोलला. रागानं नाही. एका माणसाची मूठ दोन घरात निघत नाही, ते खरंच शे. पण मी गहू घेऊन बसले न, हात दुसऱ्यांदा सुपात गेला होता. मग परत ओतले.

मी : आणि मला सांगितलं नाही. काल रात्री मी विचारलं, तर म्हणे, येतोय, गाडीत बसला. दिव्यासमोर बसून सांगितलं तू हे.

माय : हो.

मी : मग तू थांबली कोणासाठी? तो येत नाही हे तुला माहीत आहे. मग पाणी घरात यायची वाट बघते का?

माय : शाळेत नावं लिहून घेतात. बेबाबाईचा फोन आला होता मघाशी. दारातच विचारतात म्हणे, घरात माणसं किती. इथं मला कुणी विचारत नाही. इथं किरण सुरतेला कामाला गेलेला शे, बस. तिथं मला तोंडानं सांगावं लागंल.

नाना : पोऱ्या, तिसरी पायरी गेली बघ.

मी : बघितली. माय, ऊठ. पाट मी उचलतो.

माय : थोरला उचलतो.

मी : थोरला त्याच्या घरचा उचलतो. इथं एकाचीच मूठ निघाली ना? मग इथला थोरला कोण?

माय : नदीवर न्यावी लागते. बाया लागतात, गाणी लागतात, वाजतगाजत...

मी : नदी जिन्याखाली आली. चालायचं पण काम नाही. गाणं तू म्हण.

नाना : वाजवायला माझा हॉर्न आहे, वयनी. थांबा, चपला काढतो.

मी : नाना, गुडघाभर पाण्यात कुणाला दिसतात तुमच्या चपला?

नाना : तिला दिसतात ना.

माय : असा नाही. दोन्ही हातांनी धर. खालून. पाट कलता करू नको. तोंड दाराकडं ठेव.

मी : दिवा हलून राहिला. विझला तर?

माय : विझला तर विझला. तू पडू नको.

मी : गाणं म्हण ना.

माय : म्हणते. आवाज निघू दे. ...फुलं सोड पाण्यात. पानं पण सोड. नारळ नको, तो सोडायचा नसतो. बापूंच्या वडलांपासूनचा शे. इकडं दे माझ्याकडं.

मी : मांडीवर कसा घेशील? ट्रॉलीत धरायला दोन्ही हात लागतील तुला.

माय : दप्तराची चेन उघड.

मी : देवाला दप्तरात घालत नाही म्हणली होती.

माय : पुस्तकं ठेवायची जागा शे ती. वाईट नाही. ते घड्याळ काढ, नारळाला धक्का लागंल. गोळ्या घे फडताळातल्या.

मी : आणि डबा?

माय : राहू दे इथंच.

(शाळेच्या व्हरांड्यात, थोड्या वेळानं.)

माय : पाय पूस. कुठं गेला होता?

मी : आत. वर्गात.

माय : तू तर गेटातच पाय टाकणार नव्हता.

मी : ट्रॉली सरळ आत आली. उतरू कुठं?

माय : ते गणिताचे सर इथंच शेत. नावं तेच लिहून घेऊन राहिले.

मी : बघितलं मी. त्यांनी मला बघितलं, दप्तराकडं बघितलं. वाटलं आता बोलतील काहीतरी, मी तयारच होतो. पण म्हणे, पुढं सरका, आत सतरंजी टाकली आहे. अहोजाहो केलं भो मला. तुला विचारलं ना त्यांनी?

माय : विचारलं.

मी : मग?

माय : दोन म्हटलं.

मी : दोन?

माय : निघालं तोंडातून. त्यांनी लिहिलं, आणि मागच्या बाईला विचारलं, तुमचे किती. एवढंच.

मी : खिचडी येणार आहे म्हणे. आली की खाऊन घे. गोळी त्याच्यानंतर. बॅग उशाला घेऊ नको, नारळ आहे त्यात.

माय : माहीत शे मला. हातात काय लपवून राहिला?

मी : काही नाही. खडू.

माय : कशाले?

मी : नाना भिकुबाईला आणायला चालला. म्हणे, हाका मारून ती यायची नाही, तिला खुर्चीसकट उचलावी लागेल. दुसरा माणूस पाहिजे. आपलं दार वाटेवरच आहे.

माय : पाणी पुसून टाकील.

मी : चौकटीच्या वर लिहितो. हात पुरेल तिथपर्यंत.

माय : तो येणार नाही रे, तेजस.

मी : माहीत आहे.

माय : मग काय लिहिशील?

मी : तेच. "शाळेत आहोत."

माय : तू, शाळेत. हे वाचून तरी येईल तो बघायला.

मी : हसू नको.

माय : हसत नाही मी. पाणी कमरेला लागलं तर दार राहू दे, भिकुबाईला घे आणि फिर मागं. शिट्टी घेतली नाही आपण.

मी : अडकलो तर हाक मारीन.

माय : मार. मी ऐकते.

मी : नानाचा हॉर्न वाजला. सोड हात, माय. जावं लागंल मला आता.