पुस्तकांमागच्या बाटल्या

...नाही, पण ते जिवंत आहेत हे पाहिलंय कुणी? तुम्हीच सांगा. एवढीशी बाटली, माझ्या अंगठ्याहून जरा मोठी, वर चंदेरी पापुद्रा, आणि अंगावर छापलंय की आत अब्जावधी जिवंत जिवाणू आहेत. अब्जावधी! मोजले कुणी? मी जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, मला वर्गातली मुलं धड मोजता आली नाहीत, दर वेळी एक जास्त यायचा. पण सूनबाईला हे विचारायची सोय नाही. ती म्हणते, "बाबा, विचार करू नका, गिळा." आता विचार न करता गिळणं मला कधी जमलं नाही, पण तीही शिकलेली आहे, तेव्हा माझंच काहीतरी चुकत असेल.

त्याचं काय झालं, दाढेसाठी अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या. दाढ बरी झाली, पोट बिघडलं. म्हणजे असं बिघडलं की घरातल्या घरात फिरायचं तरी संडासाचं दार नजरेच्या टप्प्यात ठेवून. आणि नेमका तेव्हाच दादाचा फोन. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वडिलांमागे मला त्यानंच वाढवलं. म्हणाला, "येऊन जा रे एकदा. अन्न जात नाही मला." मी म्हटलं, दादा, पोट बिघडलंय. म्हणाला, "तुझं पोट बिघडलंय, मी सगळाच बिघडलोय. ये." आणि फोन ठेवला. आता बसचा प्रवास अख्ख्या दिवसाचा, मध्ये बस थांबते ती ड्रायव्हरला भूक लागली की. माझ्या पोटाला ड्रायव्हरची भूक काय ठाऊक? पण जायचं तर होतंच. उशीर झाला आणि तो... जाऊ दे, तो विचार मी पोटाहूनही घट्ट आवरून धरला होता.

मग उपाय सुरू. सकाळी सूनबाईची बाटली. चव म्हणाल तर दूध नासलं असावं आणि कुणीतरी साखर घालून त्याची समजूत काढली असावी. दुपारी आमच्या हिचं ताक. ही म्हणते, "जीव विकत कशाला आणायचे? माझं विरजण काय मेलंय?" त्या विरजणाला या घरात माझ्याहून जास्त मान आहे, आम्ही घर बदललं तेव्हा ते हिच्या मांडीवर बसून आलं आणि मी मागच्या टेम्पोत, कपाटाला धरून. संध्याकाळी फिरायच्या मंडळींतला औषधवाला, त्याच्या कॅप्सूल. "सर, दुधातले जीव वाटेतच मरतात, कॅप्सूलमधले थेट मुक्कामाला पोचतात." जशी काही रिझर्व्हेशनची सीट! मी कुणालाच नाही म्हणालो नाही, आणि पोटात तिघांचे जीव एकमेकांची ओळख करून घ्यायला लागले. ती ओळख काही गोडीगुलाबीची नव्हती. पण तिघंही इतक्या खात्रीनं बोलायची, आणि मला माझ्या चपलेच्या मापाचीसुद्धा खात्री नसते, तेव्हा म्हटलं, माझंच काहीतरी चुकत असेल.

शेवटी ठरवलं, एकेक उपाय तपासायचा. शास्त्र असं की आधी काहीच न घेता पाहायचं, म्हणजे तुलनेला आधार मिळतो. पण "काहीच घेत नाही" हे घरात सांगणार कोण? ताक गेलं गॅलरीतल्या कुंडीत, कॅप्सूल खिशात. बाटल्या फेकायचा मात्र धीर होईना, सूनबाईनं दमून येताना आठवणीनं आणलेल्या. त्या ठेवल्या पुस्तकांच्या कपाटात, जाड ग्रंथांच्या मागे, जिथं घरातलं कुणी जात नाही. खरं सांगायचं तर अलीकडे मीही जात नाही.

आणि पोट थाऱ्यावर आलं की हो. ठाकठीक. प्रयोग सुरू व्हायच्या आधीच रोगी बरा, आता तपासू काय?

मग एका भर दुपारी कपाटातून फट् असा आवाज. पाठोपाठ दुसरा. बंद कपाट, त्यात उकाडा... ते जिवंत होते हो! पापुद्रे फुगून फुटले होते आणि संभाव्यतेच्या ग्रंथावरून आंबट दूध ओघळत होतं. मला पुरावा मिळाला, पण दारात सूनबाई. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फडकं आणलं, एकेक पुस्तक पुसलं आणि म्हणाली, "बाबा, नको होतं तर सांगायचं. मी रोज वाकडी वाट करून आणत होते." काय सांगणार मी तिला, तुलनेला आधार? मागून ही म्हणाली, "म्हणजे ताकही झाडालाच ना? तरीच कुंडीला वास येतोय. आणि पोट?" मी म्हटलं, बरं आहे. मग ही म्हणाली, "बघा, ताकाचा गुण सावकाशच येतो." सूनबाईच्या मते आधी प्यायलेल्या बाटल्यांनी काम केलं होतं. संध्याकाळी औषधवाल्यानंही हेच ऐकवलं, अर्थात कॅप्सूलबद्दल.

गेलो दादाकडे. सूनबाईनं तरीही बर्फाच्या पिशवीत बाटल्या घालून दिल्या, नको म्हणायला मला तोंड होतं कुठं? दादा पलंगावर, मनगट चिमटीत मावेल एवढं, पुढ्यातलं ताट तसंच. म्हणाला, "तुझं पोट कशानं बरं झालं रे?" आता, एकामागून दुसरं घडलं म्हणजे पहिल्यामुळेच घडलं असं नव्हे, हे सांगून सांगून मी वर्गात घसा कोरडा केलेला माणूस. पण तो असा बघत होता, शाळेचा निकाल घेऊन मी घरी यायचो तेव्हा बघायचा तसा. मी पिशवीतून बाटली काढली आणि म्हटलं, "यानं."

प्यायला. रात्री दोन घास जेवला. सकाळी मागून घेतलं. कशानं? बाटलीनं? मी आलो म्हणून? की होणारच होतं? मला विचारू नका.

आता रोज सकाळी त्याचा फोन, "प्यायलास?" मी म्हणतो, दादा, मी बरा आहे, मला गरज नाही. तो म्हणतो, "आधी तू पी, मग मी पितो." लहानपणी मला कडू औषध पाजताना तो पहिला चमचा स्वतःच्या तोंडात घालायचा. सूनबाई पापुद्रा काढून शेजारी उभीच असते. पितो. तिकडे तो दोन्ही वेळा जेवतो, इकडे मी पुन्हा संडासाचं दार नजरेच्या टप्प्यात ठेवून फिरतो... पण ते जिवाणू पडले अब्जावधी आणि मी एकटा. तेव्हा माझंच काहीतरी चुकत असेल.