तळहातावरचं रॉकेल

ये की अशी जवळ, दारात काय उभी ऱ्हातीस पावण्यावाणी. सुनंदा, सख्ख्या भावाची लेक तू, अकलूजच्या शाळेत शास्त्र शिकवतीस, आन आत्याकडं यायला दिवाळी लागती व्हय गं तुला? बस. वही काढलीस न्हवं, मग लिही, मी मधी थांबायची न्हाय.

जन्म माझा वेळापूरचा. लगीन होऊन सोलापुरात आले तवा आमचं मालक डांबरी रस्त्याच्या कामावर हुतं, मीबी त्यांच्यासंगं जायची. डांबर लई बघितलं, काळं, जड, उकळलं तरी जागचं हलायचं न्हाय. मग मालकांनी रॉकेलचा हातगाडा काढला, विणकरांच्या वस्तीत घरोघर स्टो, मी मापानं वतायची. मालकांनी एकच शिकवलं, पिंप उघडलं की आदी थेंबभर तळहातावर घ्यायचं. तेलकट ऱ्हायलं तर रॉकेल. हात गार पडला आन लगेच कोरडा झाला तर त्यात पेट्रोल मिसळलंय, वतायचं न्हाय. रोज घ्यायची मी, रोज.

एक दिस पिंप उशिरा आलं. बाया खोळंबलेल्या, घाल की अक्का लवकर, पोरं उपाशी हायती म्हणत्यात, आन मी हातावर न घेताच वतलं. काय सांगू तुला. गल्लीतली यल्लम्मा, मला लई जीव लावायची, तिनं घरी जाऊन स्टो पेटवला आन धडाका झाला. वाचली न्हाय गं. लोक म्हणले स्टो जुना हुता. मी म्हणले न्हाय, माझा हात चुकला.

मागं तूच सांगितलं हुतंस बघ, जमिनीतनं निघतं ते सगळं एकच काळं तेल, ते तापवून वाफ उंच मनोऱ्यात सोडत्यात, खाली लई ऊन, वर गार, मग जड असतंय ते खालीच ऱ्हातं, डांबर तळाला, वर डिझेल, त्याच्यावर रॉकेल, पार वरती पेट्रोल आन गॅस. मी म्हणले, म्हंजे चाळच की, ज्याचा त्याचा मजला ठरलेला. तू हसलीस. पण वरचा खाली आला की काय हुतं ते मी बघितलंय.

आता रॉकेल मिळत न्हाय, गाडा गेला, मालकबी गेलं. आन आमचा ल्योक सुभाष, शहराभायेर जुनी टायरं वितळवून तेल काढत्यात तितं भट्टीवर लागलाय. मी इचारलं मनोरा हाय का रं? म्हणला कुटला मनोरा आई, एक टाकी, एक नळी. आदी येतंय ते पातळ, पेट्रोलवाणी भडकणारं, पहिली धार, ती येगळी काढायची, उष्णतेचा काटा चढला की मग पुढचं धरायचं. मी म्हणले काढतोस न्हवं? तर म्हणला, शेठ म्हणतोय सोडा त्यातच, माप वाढतंय.

काल त्यानं कॅन आणला, आंघोळीच्या पाण्याच्या स्टोला. हे रॉकेलच हाय म्हणला. मी थेंब हातावर घेतला. गार, सुनंदा. पार मनगटापतुर गार. त्याला म्हणले हात लावून बघ, तर हसतोय, आई तुजं वय झालं, तुला उन्हातबी थंडी वाजती.

कॅन मी परसात नेऊन ठेवलाय, स्टोचा पंप काढून ज्वारीच्या डब्यात खुपसलाय, इचारलं तर सांगणार न्हाय. पण तितल्या भट्टीचं काय काढून लपवू? रोज सकाळी तो भाकरीचा डबा घेऊन जातो, मी त्या अंगाला धूर कसा दिसतोय ते बघत दारात बसते. काळा असला की बरं वाटतं, हाय म्हणते, भट्टी अजून चालू हाय.

माजं ऐकत न्हाय तो, तुजं ऐकंल, ताई म्हणतो तुला, शिकलेली हायस. रविवारी घरी असतो. येत्या रविवारीच ये पोरी, शेंगाची चटणी कुटून ठेवते. पुढल्या दिवाळीवर नगं ढकलू.