बत्तीस वह्या आणि एक गुडघा

मंडळी, ऐका. आजच्या कीर्तनात कथेआधी एक प्रश्न टाकते, तो पदराला बांधून ठेवा. खोटं बोलणारा पापी, हे आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. पण ज्याच्यासमोर कुणाला खरं बोलताच येत नाही — त्याला काय म्हणायचं? आपण त्याला शिस्तीचा माणूस म्हणतो आणि सत्काराला बोलावतो.

तर माणदेशातल्या एका माळावर पळणाऱ्या पोरापोरींचं केंद्र होतं. देशपातळीवर पळणारी बत्तीस जणं. त्यांचे गुरू गलांडे सर. गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ, आणि चालताना उजवा पाय जरासा ओढायचे. का हो सर, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "बूट घट्ट आहे." बावीस वर्षं बूट घट्ट! एवढ्या वर्षांत बूट किती बदलले असतील, तुम्हीच बघा.

सरांचा शिरस्ता असा. सकाळी सगळ्यांना रांगेत उभं करायचं आणि विचारायचं, "कुणाला काही दुखतंय का?" प्रश्न किती मायेचा, नाही? पण कुणी हात वर केला, की म्हणायचे, "बस बाजूला. तुझ्या जागी दुसरा पळेल." महिन्याभरात केंद्रातलं दुखणंच संपलं. इतका गुण कुठल्या औषधाला आहे सांगा.

अशा ठिकाणी पुण्याहून डॉक्टर केळुसकरबाई आल्या. मोठमोठ्या खेळाडूंच्या तब्येतीवर त्यांचं संशोधन चाललेलं. त्यांचं म्हणणं — मोडल्यावर प्लास्टर घालता येतंच, पण मोडणार आहे हे आधी कळलं पाहिजे. म्हणून त्यांनी प्रत्येकाला एक वही दिली. रोज लिहायचं: झोप किती, भूक किती, दुखणं शून्य ते दहात किती, आणि मुलींनी पाळीची तारीख.

काय झालं? पुढच्या रांगेत पदर तोंडाला लागले. आणि पेटीवाले आबा, तुम्ही वर छताकडे काय बघताय? छताला येत नाही पाळी. देवळात मी हा शब्द बोलले, देव हलला का? नाही. तुम्हीच हललात.

वह्या कुलपाच्या पेटीत टाकायच्या, किल्ली बाईंकडे. सर म्हणाले, "पेटी माझ्या टेबलावर राहू द्या, पोरं विसरतात." बाई हो म्हणाल्या. टेबल कुणाचं आहे याला काय महत्त्व असतं, हे शिकलेल्या माणसाला जरा उशिरा कळतं. जाताना त्यांनी एक वही सरांनाही दिली.

"मला काय झालंय?"

"काही नसेल तर शून्य लिहा की."

तीन महिने गेले. राष्ट्रीय स्पर्धा आठ दिवसांवर आली. सरांचा सगळा जीव सोनल वाघमोडेत. पाच हजार मीटर पळणारी ही पोर. सहा वर्षांपूर्वी मेंढरांमागं धावताना सरांनीच तिला हेरलेलं. सरांचं स्वतःचं पदक कधीकाळी हुकलं होतं, ते ही आणणार, असं त्यांनी मनात धरून ठेवलेलं. कुणाला सांगितलं नव्हतं, तिलाही नाही.

बाई परत आल्या आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन सरांसमोर पडवीत बसल्या. म्हणाल्या, "सर, अभिनंदन. बत्तीस खेळाडू, नव्वद दिवस, दुखणं शून्य. मागच्या महिन्यात अख्ख्या गावात तापाची साथ, तुमच्याकडे साधी शिंक नाही."

"शिस्त, बाई," सरांची छाती फुगली.

"आणि अकरा मुली. अकराही जणींची पाळी पाच तारखेला. तिन्ही महिने."

"वक्तशीर आहेत पोरी."

हसा, हसा. पण जरा बेतानं हसा, पुढचं ऐकायचंय.

बाई म्हणाल्या, "एकीनं पाच लिहिलं, दहा जणींनी बघून उतरवलं. मग मी एकेकीला बाजूला घेऊन विचारलं. दहा जणी बोलल्या. काहींना चार-चार महिने आलेलीच नाही."

"मेहनतीनं थांबते ती. चांगली खूण आहे. अंग हलकं झालं."

"अंग उपाशी झालं, सर. पोटात जातं कमी आणि पळणं काही थांबत नाही, मग शरीर एकेक काम बंद करतं. आधी पाळी. मग हाड कमजोर होतं, आणि एक दिवस सपाट मैदानावर पळता पळता चिरतं. दहा जणी बोलल्या म्हणाले ना? अकरावी बोलली नाही. पायाला हातही लावू दिला नाही."

"कोण?"

"सोनल."

बाईंनी गठ्ठ्यातली शेवटची वही काढली. "एक वही मात्र खरी निघाली." आणि वाचायला लागल्या. गुडघा सात. गुडघा आठ. थंडी, नऊ. पायरी उतरताना डोळ्यांत पाणी आलं.

अक्षर सरांचं होतं.

"तुमच्या केंद्रात दुखणारा माणूस एकच आहे, सर. आणि तो पळत नाही. तुम्ही कसं काय खरं लिहिलंत?"

"मला कोण काढतंय संघातून?" सर सहज बोलून गेले.

आणि बोललेलं स्वतःच्याच कानांनी ऐकलं.

मग त्यांनी सोनलला हाक मारली. ती आली, अगदी सरळ चालत. लंगडणं लपवायचं तर दुप्पट सरळ चालावं लागतं, हे सरांना शिकवायला नको.

"पाय दुखतोय?"

"शून्य, सर."

"खरं सांग."

"शून्य." बघत होती सरांच्या शिट्टीकडे.

सरांनी शिट्टी गळ्यातून काढली आणि टेबलावर ठेवली. पायरीवर बसले, विजार वर गुंडाळली. गुडघा कसला, वाकडातिकडा दगडच तो. बत्तिसांतल्या एकानंही कधी पाहिला नव्हता.

"बूट घट्ट नव्हता गं कधीच," सर म्हणाले. "तुझ्यापेक्षा थोडा मोठा होतो. शर्यतीआधी दुखत होतं, बोललो नाही. ती माझी शेवटची शर्यत. आज आठ आहे. आता तुझं सांग. या वर्षी पळाली नाहीस तरी तुझी जागा तुझीच."

सोनलनं आधी टेबलावरची शिट्टी पाहिली, मग सरांचा गुडघा. मग म्हणाली, "नऊ, सर. महिना झाला."

आणि लंगडत लंगडत बाकापर्यंत गेली. महिन्याभरात पहिल्यांदा बिचारीला मनासारखं लंगडायला मिळालं.

पायाचा एक्स-रे फोटो काढला, नडगीच्या हाडाला चीर होती. आठ दिवसांनी पळाली असती तर हाडाचे दोन तुकडे. त्या वर्षी पदक आलं नाही. पुढं आलं का, ते मला विचारू नका. पदकासाठी ऐकत बसला असाल तर तुम्ही अजून रांगेतच उभे आहात.

आता पदराची गाठ सोडा. घरात शिरताना आपण विचारतो, "सगळं बरं आहे ना?" आणि उत्तर यायच्या आत टीव्ही लावतो. मग सून शून्य लिहिते, पोरगं शून्य लिहितं, नवरा तर कोरीच वही देतो. आणि आपण गावभर सांगत फिरतो, आमच्या घरात कुणाला काही त्रास नाही. त्यांना खोटं पाडायला जाऊ नका, मंडळी. आधी आपला गुडघा उघडा करून दाखवा.

आबा, आता छत सोडा आणि सूर धरा. आणि उठताना ज्याचा गुडघा कळ देईल, त्यानं आज खुशाल "आई गं" म्हणावं. देव ऐकतोच आहे. आज जरा शेजारणीनंही ऐकावं.