खुर्चीला उशी तरी द्या

…आणि माझं म्हणणं काही फार मोठं नाही हो! खुर्चीला एक उशी द्या. बास. लाकडी बैठक, पाठीला आडवी पट्टी, ती नेमकी मणक्यात रुतते, त्यात एक पाय आखूड, जरा हललं की टक्, पुन्हा हललं की टक्… एवढी मोठी कंपनी, घरोघरी कपडे धुण्याची मशीनं विकते, आणि लोकांच्या तक्रारी कशा ऐकाव्यात हे शिकवायच्या खोलीत खुर्ची ही असली? लिहून ठेवा, सुधारणेला वाव आहे!

हां, मान डोलावलीत. "आपली गैरसोय आम्ही समजू शकतो, सर." छान म्हणता तुम्ही शिकाऊ मंडळी, आवाजात माया असते. पण समजू शकता म्हणजे काय समजू शकता? बसलाय कधी इथे? नाही ना? नकाच बसू.

तुम्हाला सांगतो, मी परीक्षक. शिकणाऱ्यांचा नाही, शिकवणाऱ्यांचा! कंपन्यांमधून नोकरदारांना शिकवणारे ट्रेनर असतात ना, त्यांना शिकवता येतं का ते मी बघायचो. मागच्या रांगेत बसायचं, मांडीवर पॅड, पॅडवर फॉर्म. आवाज शेवटपर्यंत पोचतो का, फळ्याकडे तोंड करून बोलतात का, प्रश्न विचारून उत्तराला थांबतात का की स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात… आणि तळाला एक ओळ, माझी लाडकी. सुधारणेला वाव आहे. कुणीही असो! एकाच्या तासाला लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते, मी लिहिलं, टाळ्यांत वेळ फुकट गेला, सुधारणेला वाव आहे. घरीही तेच. मेव्हण्याच्या चिमुरडीने माझं चित्र काढून आणलं, मी म्हटलं, कान जरा खाली आलेत बाळा, वाव आहे. आमची ही म्हणाली, "अहो, एकदा तरी नुसतं छान म्हणा की! जीभ नाही झडायची." मी म्हटलं, वाक्य बरं आहे, सूर थोडा सुधार. ती ताटावरून उठून गेली. आता मला सांगा, यात माझं काय चुकलं? …एवढ्यात नका सांगू.

हे सगळं मला शिकवलं मोठ्या साहेबांनी. माझे गुरू! घसा खाकरल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरूच व्हायचं नाही. "हं-हं. हे बघ, तास संपला की वर्गातला सगळ्यात गप्प माणूस हुडकायचा आणि त्याला विचारायचं, तुम्ही आज काय शिकलात? बोलके काय, बोलतातच. ट्रेनर कळतो तो गप्प माणसाच्या तोंडून." मी हा नियम जन्मभर पाळला. आणि ते मोठे साहेब एक दिवस एका ट्रेनरबाईंचा तास बघायला गेले ते परत आलेच नाहीत. ऑफिसात म्हणाले, नोकरी सोडली असेल. म्हटलं, राजीनामा न देता? सुधारणेला वाव आहे!

मग त्याच बाईंकडे मला पाठवलं. याच खोलीत. बाईंच्या फाइलीत निकालाची जागा कोरी. परीक्षक गेल्याची नोंद आहे, निकाल नाही. तेव्हाच मला कळायला नको होतं का?

बाई तुम्हाला ठाऊकच आहेत. बारीक आवाज, हसतमुख, पायात वाजत नाहीत अशा चपला. म्हणाल्या, "ही खुर्ची रिकामी समजू नका. हिच्यात चिडलेलं गिऱ्हाईक बसलंय. मध्ये न बोलता त्याचं ऐकायचं." मी मनात म्हटलं, जुनी युक्ती, सगळे ट्रेनर करतात. एक चष्मेवाला पुढे आला. "बोला सर, मी आपली काय मदत करू?" आणि थांबला. आता शिकाऊ माणूस असा थांबतो का? त्याला भीती असते, शांतता पडली की तो घाईने काहीतरी बरळतो. हा थांबला. मान तिरकी करून ऐकत राहिला. "हो सर… हो ना… अरे बापरे… मग तुम्ही काय केलंत?" पुन्हा थांबला. आणि एकदम सगळा वर्ग हसला! एका दमात, कुणी चांगला विनोद सांगावा तसा. मीही हसलो. उशिरा. बाईंनी वळून माझ्याकडे बघितलं, आणि मला उगीचच शाळेत गृहपाठ न केल्यासारखं वाटलं.

चहा आला. एक कप खुर्चीपुढे ठेवला. मी म्हटलं, नाटक पुरं करतायत, चांगलं आहे. मग लांब वेणीची एक मुलगी उठली आणि खिडकीचा पडदा ओढून आली. तिच्या मैत्रिणीने विचारलं, "काय गं?" तर ती हळूच म्हणाली, "त्यांच्या डोळ्यांवर ऊन येत होतं." त्यांच्या! मी पॅडवर लिहिलं, शिकाऊ कल्पनाशक्ती उत्तम वापरतात. अक्षर माझं वाटेना. वर बघितलं तर खुर्चीपुढचा कप रिकामा. प्यायला असेल कुणीतरी… नाही का? म्हणजे, प्यायलाच होता.

तास संपला. आता माझा प्रश्न. सगळ्यात गप्प कोण? चष्मेवाला बोलला, वेणीवाली बोलली, कोपऱ्यातला तो सतत नखं खाणारासुद्धा बोलला. या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि हात आपोआप वर गेला. सवय हो! दुसरं काय? बोट खुर्चीकडे, आणि तोंडातून निघूनही गेलं, "तुम्ही. तुम्ही आज काय शिकलात?"

कुणी हसलं नाही. तुम्हाला सांगतो, कुणीतरी हसायला हवं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आजाऱ्याला भेटायला आल्यासारखे, प्रेमाने. आणि खुर्ची हलली. टक्.

"हं-हं."

माझ्या हातातलं पेन पडलं.

"दमलास रे. किती दिवस मागे बसणार? ये, पुढे बस जरा."

तुम्ही काय केलं असतं? गुरू म्हणतायत, बस! गेलो आणि बसलो. बसलो तसं खोलीचं दार उघडलं, मिटलं, आणि जिन्यावरून कुणीतरी घसा खाकरत भराभरा खाली उतरत गेलं. म्हाताऱ्याचे गुडघे दुखायचे हो! काय पळाला! आणि बाई माझ्यापुढे वाकून म्हणाल्या, "बोला सर. ऐकायला आम्ही आहोत."

आणि मी बोलायला लागलो. काय सांगू, असं कुणी कधी ऐकलंच नव्हतं माझं. ती खरी गोम. खुर्चीतल्या माणसाचा आवाज एकदा कानावर पडला की माणूस तिच्याकडे ओढला जातो. तुम्ही बाईंच्या हाताखालचे, तुम्हाला त्या ऐकायचं शिकवतात, बसायचं नाही. मागे बसणाऱ्याला कोण शिकवणार? संध्याकाळी तुम्ही दिवे घालवून गेलात की मी उठतो, दारापर्यंत जातो, कडीला हात लावतो… "बोला सर, मी आपली काय मदत करू?" उजाडलेलं असतं, नवी तुकडी, आणि मी पुन्हा इथेच. टक्.

उशी-बिशी राहू द्या. मला घरी जायचंय. एकदाच ताटावर बसून हिला म्हणायचंय, छान झालंय. बास.

आणि आज ती आलीय. मागे वळू नका! शेवटच्या रांगेत, मांडीवर पॅड, पेनाचं टोपण दातात. नवी परीक्षक. खुर्चीला प्रश्न विचारेपर्यंत तिला मी ऐकू येत नाही, तिच्या लेखी हे नुसतं लाकूड आहे. पण प्रश्न ती विचारणार, मोठ्या साहेबांचा नियम ऑफिसात सगळ्यांना पाठ आहे. आणि सगळ्यात गप्प मीच की! माझं वाक्य तयार आहे. "दमलात. या, बसा जरा." एवढंच म्हणायचं आणि जिना उतरायचा. सोपं आहे.

फक्त तिने मघाशी चहाच्या वेळी इथे खिडकीशी येऊन फोन करायला नको होता. "हो गं पिल्लू, निघतेच. दार कुणाला उघडू नकोस हं… चित्र काढलंस? अगं छानच असणार!" छानच! न बघता! काही शिस्त? कान खाली आलेत की वर गेलेत, बघितलं का आधी? सुधारणेला… वाव…

श्श! उठली ती. बघतेय… पुढच्या रांगेतला तो झाला, तू झालीस… हात वर गेला. बघा, बोट इकडेच.

"तुम्ही. तुम्ही आज काय शिकलात?"

…

…

…

काय कठीण असतं हो गप्प बसणं! घशात खवखवतंय, हं-ह… नाही. दात आवळून धरलेत. तुम्ही तिच्याकडे तसं प्रेमाने बघू नका, बाई, तुम्हीही नका बघू… पाय हलता कामा नये…

हसली. "अगंबाई, सॉरी हं! रिकाम्या खुर्चीलाच विचारलं मी." हसलात तुम्ही पण. शाब्बास. आता हे बघा, पर्स उचलली, निघाली… थांबली का? खुर्चीच्या पाठीला हात लावून हलवतेय. टक्. पुन्हा. टक्. पेन काढलं. लिहितेय. अगदी माझ्या नाकासमोर पॅड आहे, दिसतंय मला. "खुर्ची डगमगते. उशी नाही. सुधारणेला वाव आहे."

गेली. दार मिटलं. जिना… सावकाश उतरतेय, फोनवर बोलत.

हं-हं. अक्षर बघितलंत तिचं? वळणदार. माझी तक्रार इतक्या जणांनी ऐकली, पण लिहून घेतली ती तिनेच. छान. …म्हणालो बघा! छान! जीभ झडली नाही. ऐकायला घरचं कुणी नाही, तो भाग वेगळा.

चला, पुढची पाळी कुणाची? विचारा लवकर, काय मदत करू म्हणून. उशी येईपर्यंत मी आहेच.