डाव्या खालच्या कोपऱ्यातली जागा

आजच्या सभेचे अध्यक्ष रेव्हरंड टॉलिव्हर, आर्ट कॉलेजातून आलेल्या पाहुण्या प्रोफेसर गेन्सबाई, न्यू गिलियड चर्चचे सगळे ब्रदर्स आणि सिस्टर्स, आणि जिच्यासाठी आपण एवढ्या उकाड्यात इथे तळघरात बसलोय ती मिस व्हर्लीन पेटवे, सगळ्यांना माझा नमस्कार.

एवढंच कागदावर लिहिलंय. पुढचं लिहिलं होतं ते घामाने पुसलं.

मी ओडेल. प्रेसमध्ये मिस व्हर्लीनच्या शेजारच्या टेबलावर बसते. नववीत शाळा सोडली, कारण वर्गात उभं राहून वाचायला लागायचं. आणि आता बघा, दोनशे माणसं समोर. हसा, हसा. सिस्टर मोझेल, तुम्ही तर किती जोरात हसताय!

दोन वर्षांपूर्वी मी प्रेसमध्ये आले तेव्हा मला वाटायचं, छापलेली अक्षरं मशीनमधूनच येतात. मिस व्हर्लीन म्हणाली, "मशीनला काय कळतंय, पोरी? अक्षर आधी कुणाच्या तरी मनगटातून येतं." मग तिने मला हाताने काढलेली अक्षरं कापायला, छापायच्या नमुन्यावर गोंदाने लावायला, पट्टी धरायला शिकवलं. चिकटवलेली ओळ केसभर तिरकी दिसली की ती ओरडायची नाही. टेबलावर बोटाने दोनदा टकटक करायची आणि म्हणायची, "काढ. पुन्हा लाव." त्या टकटकीला मी किती वैतागायचे!

एक गोष्ट मला कळायची नाही. तिच्या प्रत्येक कामात डाव्या बाजूला, खाली कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढी जागा कोरी असायची. जत्रेची जाहिरात असो की लग्नाची पत्रिका. एकदा मी तिथे छोटंसं फूल काढलं. तिने ते खोडलं.

मागच्या महिन्यात गेन्सबाई प्रेसमध्ये आल्या, जाडजूड पुस्तक घेऊन. गेल्या पन्नास वर्षांतली नावाजलेली पोस्टरं. त्यांना मोहल्ल्यातल्या जुन्या छपाईची माहिती हवी होती. मिस व्हर्लीन पानं उलटत होती आणि एका पानावर थांबली. साबणाची जाहिरात होती, खाली उजवीकडे एका गोऱ्या साहेबाचं नाव. मी म्हटलं, "ओळखता का यांना?"

"ओळखते की. रोज सकाळी माझ्या हातची कॉफी प्यायचे."

"चित्र छान काढलंय त्यांनी."

"खालचा डावा कोपरा बघ," ती म्हणाली.

कोरा होता.

गेन्सबाईंनी पेन खाली ठेवलं. मग कुठे सगळं बाहेर आलं. शहराच्या मधोमध, लूपमधल्या एका मोठ्या गोऱ्यांच्या जाहिरात कंपनीत ती एकोणीस वर्षं मागच्या खोलीत बसली. गिऱ्हाईक आलं की दार लावून घ्यायचे. ती प्रत्येक कामावर आपलं नाव चिकटवायची, अगदी बारीक, डाव्या कोपऱ्यात. आणि कंपनीचा माणूस ब्लेडने ते काढायचा. रोज. भांडण नाही, काही नाही. टेबलावरची धूळ पुसावी तसं. शेवटी तिने नाव चिकटवणं सोडलं. पण जागा सोडत राहिली.

मी म्हटलं, "मिस व्हर्लीन, आता तर तुम्ही आपल्या काळ्या लोकांच्या प्रेसमध्ये आहात. इथे कोण काढणार आहे?"

"कुणी नाही, बाळा."

"मग लावा ना!"

ती आपल्या हाताकडे बघत बसली. "हा ऐकत नाही गं," म्हणाली.

ब्रदर्स, सिस्टर्स, आपल्या पोरांच्या बाप्तिस्म्याच्या पत्रिका कुणी केल्या? या भिंतीवरचं चर्चचं नाव कुणाच्या हातचं? आणि आज घाम पुसत तुम्ही जे पुठ्ठ्याचे हातपंखे हलवताय ते? सगळ्यांना वाटतं बॅस्कम बंधूंचे, कारण त्यांच्या अंत्यसंस्काराच्या दुकानाचं नाव मोठ्ठं छापलंय. पंखा देतं कोण ते आपल्याला ठाऊक असतं. काढतं कोण ते कधी विचारलं आपण? मीही नाही विचारलं.

उद्या अकराच्या गाडीने मिस व्हर्लीन बहिणीकडे अलाबामाला चालली, कायमची. शेजारचं टेबल गुरुवारपासूनच रिकामं. मला उगाच ती टकटक ऐकू येते. मान वर करते तर मशीनचा आवाज.

या पंख्याचं काम तिचं शेवटचं. गुरुवारी ते माझ्या हातात देऊन ती सामान बांधायला घरी गेली. कोपरा नेहमीसारखाच कोरा. तिच्या खणात वहीभर अक्षरं होती, तिच्याच हातची. मी त्यातली लागतील तेवढी कापली. मशीनवरचा लुशियस म्हणाला, "तिला विचारलंस का?" मी म्हटलं, "नाही. तू चालव."

मिस व्हर्लीन, सकाळपासून तुम्ही तो पंखा हलवताय. जरा थांबवा ना. चष्मा लावा. डावा कोपरा बघा.

सगळेच बघा.

हो, तुमचं नाव तिरकं लागलंय. मला माहितीये. पट्टी धरली होती, खरंच धरली होती, पण दिसलं तेव्हा चारशे छापून झाले होते. तुम्ही सगळे आलात, शांतपणे ऐकलंत, स्वयंपाकघरातल्या सिस्टर्सनी पहाटेपासून कोंबडी तळली, सगळ्यांची मी आभारी आहे. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, बोलण्यात काही चुकलं असेल, तर लहान समजून माफ करा.

मिस व्हर्लीन, तुम्ही मात्र करू नका. समोर टेबल आहे. दोनदा वाजवा आणि म्हणा, पुन्हा लाव.